वाघाच्या पाठीवर नांगर

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर. त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटरचा भाग गाभाक्षेत्र, बाकीचा त्याभोवतीचा पट्टा. पाण्यावर रेघ मारता येत नाही, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. शासनाने ती नुसती मारली नाही, तर दशांशाच्या दोन घरांपर्यंत मोजूनही ठेवली. त्याबद्दल आदरच आहे. अडचण एवढीच, की रेघ मारायला शाई पुरते आणि ती रेघ कोणी ओलांडू नये म्हणून डिझेल लागतं. शाई स्वस्त, डिझेल महाग. सागरी संवर्धनाचा आपल्याकडचा सगळा इतिहास या दोन दरांमधल्या फरकात आला. म्हणून एक नम्र सूचना आहे. यापुढे सागरी उद्यानं चौरस किलोमीटरमध्ये मोजणं बंद करावं आणि गस्तीच्या तासांत मोजावं. त्या मापाने यातली बरीच उद्यानं तारापोरवाला मत्स्यालयात आरामात मावतील.

या पाण्याची राखण नेमकी कोणाकडे, हे समजून घ्यायलाही थोडा अभ्यास लागतो. प्रवाळ वनखात्याचं, कारण ते वन्यजीव. त्या प्रवाळाच्या आडोशाने फिरणारा तांबोसा मत्स्यव्यवसाय विभागाचा. प्रवासी होडीचा परवाना मेरीटाईम बोर्डाचा, होडीतला पर्यटक पर्यटन खात्याचा लाडका, किल्ला पुरातत्त्व खात्याचा आणि जाळ्यावरून हाणामारी झाली की ती पोलिसांची. बारा सागरी मैलांपलीकडचं पाणी केंद्राचं, तिथे तटरक्षक दल. इतके राखणदार लाभलेला समुद्र खरं तर झोपेत गुदमरायला हवा. पण जिथे सात जणांची जबाबदारी असते, तिथे सातही जण उरलेल्या सहांना पत्र लिहितात. पत्राला उत्तर जातं, उत्तराला स्मरणपत्र, आणि वर्षाअखेर प्रत्येकाचा अनुपालन अहवाल वेळेवर सादर होतो. कागदावर पाहिलं तर आपल्या किनाऱ्याइतका सुरक्षित किनारा जगात नसेल.

आता प्रत्यक्ष अनुपालन कसं होतं ते जवळून पाहू. रात्री क्षितिजावर दिवाळी दिसते. एलईडीच्या झोताने मासा गोळा करायचा आणि जाळ्याने वेढायचा, या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्ये बंदी घातली. राज्याच्या २०२१च्या दुरुस्तीने दंड पाच ते वीस लाखांपर्यंत नेला. किनाऱ्यावरून फोन जातो. मग गस्ती नौका जाग्यावर हवी, टाकीत डिझेल हवं, तांडेल आणि खलाशी हवेत, आणि कारवाईचा अधिकार असलेला अधिकारी त्याच रात्री त्याच नौकेवर हवा. हे सगळं जुळून आलं आणि नौका तिथे पोचली, तोवर दिवाळी संपलेली असते. दिवे विझवायला एक बटण पुरतं. पुढे सुरू होते खरी कलमबहादुरी : नौकेचं नाव, नोंदणी क्रमांक, परवाना, तांडेलाचं नाव, दिव्यांची मोजदाद, जनरेटर, जाळ्याच्या आसाचं माप. हे सगळं हलणाऱ्या फळीवर, ओल्या हाताने लिहायचं. पंचनाम्याला पंच लागतात, आणि भर समुद्रात मध्यरात्री तटस्थ पंच मिळणं सुरमई मिळण्यापेक्षा अवघड. जीपीएसचा आकडा लिहिताना रेखांशाचं एक मिनिट इकडचं तिकडे झालं की नौका जवळजवळ सागरी मैलभर सरकते, आणि बारा मैलांच्या आतली नौका वकिलाच्या कृपेने बाहेर जाते. मग नौका बंदरात आणून अवरुद्ध करायची, मासळीचा लिलाव करायचा आणि सुनावणी. २०२१पर्यंत हे खटले तहसीलदारांपुढे चालत, म्हणजे सातबारा, उत्पन्नाचे दाखले आणि निवडणुकीच्या याद्या यांच्यामधून वेळ मिळेल तसे. आता ते मत्स्यव्यवसाय विभागाच्याच सहायक आयुक्तांकडे आले. ही दुरुस्ती कोणाच्या भाषणात आली नाही, पण गेल्या काही वर्षांत समुद्रासाठी झालेल्या कामांत ती वरच्या क्रमांकावर ठेवावी लागेल.

गाभाक्षेत्राची गंमत वेगळी. २००१ साली प्रवाळाचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. याच अनुसूचीत वाघ आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत किल्ल्यामागचं प्रवाळ आणि ताडोबातला वाघ एकाच पंगतीला बसतात. फरक असा, की ताडोबात वाघाच्या पाठीवर कोणी नांगर टाकत नाही. मालवणात स्नॉर्केलिंगची होडी उभी राहायची तर नांगर कुठेतरी पडणारच, आणि जिथे बघण्यासारखं प्रवाळ आहे, नेमकं तिथेच तो पडावा अशी गिऱ्हाइकाची इच्छा असते. होडीवाल्याला त्यात दोष देण्यासारखं काही नाही. त्याला बांधायला दुसरं काही दिलं तर तो बांधील. तळाशी पक्के बसवलेले तरंगते बोये आणि तिथेच होडी बांधायची सक्ती, हा जगभरच्या प्रवाळ-उद्यानांतला जुना, कंटाळवाणा आणि स्वस्त उपाय आहे. त्याचं उद्घाटन करता येत नाही, त्यावर नाव कोरलं तर शेवाळ चढतं. विकासकामांच्या यादीत तो मागे पडण्याचं दुसरं कारण सापडत नाही.

नियम राबवा म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो : गरीब मच्छिमाराच्या पोटावर पाय का आणता? आक्षेप खोटा नाही. अभयारण्याला मालवणच्या मच्छिमारांनी पहिल्यापासून विरोध केला आणि त्यांची भीती निराधार नव्हती. गंमत अशी, की कायद्याला ती भीती माहीत आहे. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छिमारांच्या व्यवसायाचं हित जपलं पाहिजे, असं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २६-अ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. पण पोटावर पाय नेमका कोण देतं? वाळूवरून जाळं ओढणारे रापणकर आणि छोटी गिलनेटवाली मंडळी किनाऱ्यालगत असतात. मलपीकडून येणारे हायस्पीड ट्रॉलर आणि दिवे लावणाऱ्या नौका बाहेर असतात. डिझेल नसलेला कायदा चालत चालत जिथवर जाऊ शकतो तिथवरच जातो, म्हणजे वाळूपर्यंत. तिथे त्याला रापण दिसते, छोटी पात दिसते, आणि कायद्याचा सगळा दरारा तिथेच उतरतो. पर्ससीन जाळ्यांना ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठरवून दिले. जानेवारीत ते जाळं खोल पाण्यात पडलं तर ते बघायला जाणार कोण? गेली कित्येक वर्षं मालवणचे पारंपरिक मच्छिमार मोर्चे काढतात ते नियम रद्द करा म्हणून नव्हे, आहेत ते नियम राबवा म्हणून. प्रसंगी स्वतःच्या होड्या काढून, स्वतःच्या खिशातलं इंधन जाळून त्यांनी बाहेरचे ट्रॉलर पकडूनही दिले. अनुपालनाचं खासगीकरण झालं पाहिजे असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी, इथे ते कधीच झालं आहे आणि फुकटात झालं आहे.

दुसरा आक्षेप : परदेशात पैसा असतो, तिथलं सोडा. ठीक, पण आधी तिथला आकार पाहू. ऑस्ट्रेलियाचं ग्रेट बॅरिअर रीफ मरीन पार्क ३,४४,४०० चौरस किलोमीटरचं, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं. २००४मध्ये तिथे मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो एकदम तेहतीस टक्क्यांवर नेला. बोंबाबोंब तिथेही झाली. सरकारने मच्छिमारांना वीस कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली आणि दंडाची पावतीही फाडली. व्यावसायिक नौकांवर माग काढणारी यंत्रं बसवली. तरी तिथे सगळं आलबेल आहे असं कोणी समजू नये. एप्रिल २०१०मध्ये शेन नेंग-१ हे कोळसावाहू जहाज डग्लस शोलवर चढलं आणि प्रवाळ भरडत गेलं. नुकसानभरपाईचे ३.९३ कोटी डॉलर ठरायला सहा वर्षं लागली, आणि रक्कमही मागितल्यापेक्षा बरीच कमी. श्रीमंत देशातही मोठा गुन्हेगार सावकाशच सापडतो. पण आपल्याला महाराष्ट्राएवढा समुद्र राखायचा नाही. मालवणचं अभयारण्य मुंबईतल्या संजय गांधी उद्यानाच्या एक तृतीयांशाहूनही लहान आहे. एवढ्याशा पाण्यासाठी ‘आपण गरीब देश’ हे कारण जरा मोठं होतं.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. समुद्रच तापतोय, तर एका नौकेला दंड करून काय उपयोग? ग्रेट बॅरिअर रीफचं प्रवाळ २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४मध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. कोणत्याही निरीक्षकाला उन्हाचा पंचनामा करता आला नाही. पण त्याच उद्यानात जिथे मासेमारी खरोखर थांबली, तिथे मासे संख्येने जास्त आणि आकाराने मोठे आढळले. उष्णता आपल्या हातात नाही म्हणून नांगर आणि जाळंही हातात नाही, असं म्हणणं सोयीचं आहे, एवढंच.

राहता राहिला तंत्रज्ञानाचा भक्त. जानेवारी २०२५पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोन उडवायला सुरुवात केली. स्वागत आहे. ड्रोन नौका पाहतो, चित्र पाठवतो, पुरावाही भक्कम होतो. रेखांशाच्या मिनिटाचा वाद तरी मिटेल. पण ड्रोन दोर टाकून नौका बंदरात आणत नाही. त्यासाठी पुन्हा तीच गस्ती नौका, तोच तांडेल आणि तीच टाकी.

हे सगळं आत्ताच बोलायचं कारण, दुसरी रेघ वाटेवर आहे. विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून सुमारे १०५ किलोमीटर आत अँग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळ-पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. विस्तार दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. त्याला संरक्षित दर्जा देण्याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे आणि तो मिळालाच पाहिजे. ज्या दिवशी तो जाहीर होईल, त्या दिवशी भाषणं होतील, नकाशे झळकतील, आरमाराचा इतिहास निघेल. तेव्हा वाचकांनी एकच करावं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज भरावा आणि विचारावं : जाऊन-येऊन २१० किलोमीटरचं डिझेल कोणत्या खात्याच्या कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकलं आहे?