सहा तास नेपल्स : सहकुटुंब उतरण्याची शास्त्रोक्त पद्धत

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जहाज रोज नव्या बंदराला लागते आणि रोज कुटुंबाची नव्याने परीक्षा होते. ज्यांचे सासरे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आहेत, त्यांना हे मार्गदर्शन विशेष उपयोगी पडेल. इतरांनी आपापल्या घरातले आप्पा शोधून घ्यावेत, असतातच.

नियम पहिला : वेळ. जहाज सहाला सुटणार असेल तर साडेपाचला सगळे वर हवेत, असे आदल्या रात्रीच्या पत्रकात छापलेले असते. हे पत्रक कुटुंबप्रमुखाच्या हाती लागू देऊ नये. आमच्या आप्पांच्या हाती लागले. त्यांनी साडेपाचातून गर्दीचा अर्धा तास, रस्ता चुकण्याचा अर्धा तास आणि आईंच्या गुडघ्यांचा एक तास वजा केला. उरले साडेतीन. मग "इटलीत संपबिंप फार असतात" म्हणून आणखी अर्धा गेला. उतरायला मिळाले नऊला, परत यायचे तीनला. शीर्षकातले सहा तास ते हेच.

त्यांचे अगदीच चूक होते असे नाही. जहाजाच्याच सहलीची बस अडकली तर जहाज सहसा थांबते; आपले आपण हिंडायला गेलात तर थांबत नाही, पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. आप्पांना हा कायदा मनापासून पटतो. जालना डेपोत तीस वर्षांत त्यांनी कुणासाठी गाडी थांबवली नाही, सख्ख्या मेहुण्यासाठीसुद्धा नाही. हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो आणि आई अजून भिंतीकडे बघतात.

नियम दुसरा : एकच ठिकाण निवडावे. नेपल्सला उतरणारे बहुतेक जण पॉम्पेईला जातात. गारिबाल्दी स्थानकावरून सोरेंतोकडे जाणारी गाडी धरायची, खिसा सांभाळायचा आणि 'पॉम्पेई स्कावी'लाच उतरायचे, कारण दुसऱ्या मार्गावर पॉम्पेईचे आणखी एक स्थानक आहे. एका गावाला दोन मार्गांवर दोन स्थानके, हे ऐकताच आप्पांनी प्रस्ताव फेटाळला.

उरले नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय. पॉम्पेईतून निघालेल्या उत्तमोत्तम वस्तू तिथेच आहेत. बंदरासमोरच्या 'म्युनिचिपिओ'हून मेट्रो धरली की तिसरे स्थानक 'म्युझेओ'. मंगळवारी मात्र संग्रहालय बंद असते. तरी आप्पा खुर्चीतून हलेनात, तेव्हा मी ठेवणीतले अस्त्र काढले. "आप्पा, तिथे भोकरदनची एक बाई आहे."

यात थाप नव्हती. 1938 साली पॉम्पेईतल्या एका घरात वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिला लक्ष्मी म्हणतात, काही जण यक्षी म्हणतात. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ती शहरासकट गाडली गेली. तिच्यासारख्याच मूर्ती आपल्याकडे भोकरदनला आणि तेरला सापडल्या, म्हणून ती आपल्याच मुलखातून गेली असावी, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. पैठण-तेरचा माल त्या काळी गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून पुढे समुद्रमार्गे. आप्पांनी बूट चढवले.

नियम तिसरा : मूर्ती कोणत्या दालनात आहे हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. मी पाहिले नव्हते.

ती 'गुप्त दालना'त आहे. पॉम्पेईकरांनी भिंतींवर, दिव्यांवर, भांड्यांवर जे जे नको ते हौसेने चितारले, ते सगळे तिथे एकत्र मांडले आहे. 1819 मध्ये इथला युवराज फ्रान्सिस बायको आणि मुलीला घेऊन संग्रहालय बघायला आला आणि त्याला असे ओशाळल्यासारखे झाले की त्याने हा सगळा ऐवज कुलपात टाकायला लावला. पुढे प्रौढ वयाच्या आणि सच्छील माणसांनाच आत सोडत. सर्वांना ते खुले झाले 2000 साली. आमची तुकडी : सासू, सासरे, नवरा, पंधरा वर्षांचा मुलगा आणि मी. त्या युवराजाचे मन माझ्याइतके कुणालाच कळले नसेल.

अशा प्रसंगी काय करावे? नवऱ्याने आग विझवण्याच्या सूचना बारकाईने वाचाव्यात. मुलाला काही सांगू नये, तो 'इतिहास म्हणून' सगळे बघतोच. आईंनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "तेव्हाही यांना दुसरा उद्योग नव्हता." आप्पा मात्र डावीउजवीकडे न बघता विनाथांबा गाडीसारखे थेट मूर्तीपाशी.

तिच्या अंगावरही दागिन्यांखेरीज फारसे काही नाही. पण आप्पांना ते दिसलेच नाही बहुधा. "बांगड्या बघा किती," ते आईंना म्हणाले. दोघे बराच वेळ उभे होते. मग आप्पा हळूच म्हणाले, "एवढ्या लांब आली, आणि परतीची गाडी चुकली बिचारीची."

नियम चौथा : जेवण. शाकाहारी माणसाने 'मरिनारा' पिझ्झा बेलाशक मागवावा. नावात समुद्र असला तरी त्यात मासा नाही आणि चीजही नाही. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, बस. रस्त्यावर तो चार घड्या घालून कागदात देतात. पोळीला तूप लावून घडी घालतात तशी. आईंना ही एवढी एकच गोष्ट नेपल्समध्ये शहाणपणाची वाटली.

नियम पाचवा : रस्ता ओलांडणे. जालन्यात राहिलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

तीनला दहा कमी असताना आम्ही जहाजावर होतो. पुढचे तीन तास वरच्या डेकवर बसून बंदर बघितले. सहाला पाच कमी असताना धक्क्याच्या पार टोकाला एक जोडपे दिसले. त्याच्या खांद्यावर पोर, तिच्या हातात चपला, आणि दोघे जिवाच्या आकांताने धावत होते. खाली शिडी काढायला घेतली होती. कठड्यापाशी लोक टाळ्या पिटत होते, मोबाइल काढून चित्रण करत होते. आप्पा कठडा घट्ट धरून ओरडायला लागले, "धावा! धावा! अरे, दोन मिनिटं थांबवा की कुणीतरी!"

शिडी थांबली. जोडपे आत आले.

आई या वेळी भिंतीकडे बघत नव्हत्या. "माझा भाऊसुद्धा एवढाच लांब होता," त्या म्हणाल्या.

आप्पांनी घड्याळात बघितले. "जहाजाची गोष्ट वेगळी," असे म्हणून ते चहा कुठे मिळतो ते बघायला गेले.