अक्षता कधी टाकायच्या?

आंतरधर्मीय किंवा कुठल्याच धर्माचं नसलेलं लग्न लावायला मला बोलावतात, तेव्हा वधूवरांशी बोलणं चटकन उरकतं. होम नको, कन्यादान नको, काझी नको, पाद्री नको, आणि तुमचं भाषण छोटं ठेवा. परीक्षा घेते ती मुलाची आत्या. ती मला बाजूला घेते. "बाकी सगळं यांच्या मनासारखं होऊ द्या हो, पण अक्षता कधी टाकायच्या तेवढं सांगून ठेवा."

प्रश्न अगदी रास्त आहे. लग्नात देव नसला तर पाहुणे सांभाळून घेतात. आपण नेमकं कधी काय करायचं हे कळलं नाही, की कावरेबावरे होतात. तांदूळ वाया नकोत म्हणून हल्ली पाकळ्या वाटतात. मी समतेवर बोलू लागले, की त्या मुठीत घामेजतात आणि टाकायच्या वेळी तळव्यालाच चिकटून बसतात. त्यामुळे समता मी दोन मिनिटांत आटोपते.

कायद्यालाही हे कळलेलं आहे. १९५४ चा विशेष विवाह कायदा तसा रुक्ष. ३० दिवस आधी नोटीस, ती कचेरीत लावायची, मग तीन साक्षीदार. सोहळा तुम्हाला हवा तसा करा म्हणतो. पण विवाह अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना 'मी तुझा पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकार करतो, करते' अशा अर्थाचं वाक्य म्हटल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. म्हणजे सरकारनेही एक मंत्र ठेवलाच. माझ्या बोलण्याला मात्र त्या कायद्यात कवडीची किंमत नाही. मी निव्वळ आत्यांसाठी असते.

या बाबतीत जोतीराव फुले मला फार चतुर वाटतात. सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि डिसेंबरात त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलंसुद्धा. त्यांनी भटजी काढला, पण मंगलाष्टकं काढली नाहीत. नवी रचली, आणि ती म्हणायचं काम वधूवरांवरच सोपवलं. नवरी बायकांच्या हक्कांचं बोलते, नवरा वचन देतो. एरवी आपल्या मांडवात नवरीला काही विचारायची पद्धत कुठे? तिला नुसतं 'सावधान' म्हणतात.

त्यावरूनच मी माझी रीत ठरवली. दोघांना सर्वांसमोर विचारायचं, आणि दुसरं 'हो' ऐकू आलं की पाकळ्या टाकायच्या. निकाहात संमती विचारतात, चर्चमध्येही विचारतात, त्यामुळे त्या बाजूच्या मंडळींना हे परकं वाटत नाही. मध्यंतरीच्या एका लग्नात मुलीने माईकशिवाय खणखणीत 'हो' म्हटलं. मुलगा पुटपुटला. मागच्या रांगेतून आत्या ओरडली, "ऐकू नाही आलं, पुन्हा विचारा!" पुन्हा विचारलं. या खेपेला तो असा गरजला, की फोटोग्राफर दचकला आणि ऐन क्षणाचा फोटो हुकला.

मग मुलीच्या नानांनी हळूच विचारलं, दुआ मागितली तर चालेल का? न चालायला काय झालं? त्यांची दुआ झाल्यावर आत्याने पदर खोचला आणि एक मंगलाष्टक म्हटलं, चढ्या पट्टीत. पाठोपाठ मुलाच्या एका मित्राने संविधानाची उद्देशिका वाचली. पाच मिनिटांत आटपायचं ठरलेलं लग्न पाऊण तास चाललं. नवरानवरी अवघडून उभी होती आणि केटररचा माणूस दारातून घड्याळ दाखवत होता.

मी पैसे घेत नाही. हे आत्याला मान्य नव्हतं. लग्न लावणाऱ्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? तिने माझ्या पिशवीत नारळ कोंबलाच. नारळ परत करण्याइतकी निधर्मी मी अजून झालेले नाही, त्यातून रविवारी सोलकढीचा बेत होता.