लार्ज की मीडियम?

पावसाळ्यात इगतपुरीला सहकुटुंब निघालेल्या गाड्यांमधून हे काका हमखास सापडतात. गळ्यात डिजिटल कॅमेरा, कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर रबर. घरातल्या पोरांनी कॅमेरा नावाची वस्तू केव्हाच माळ्यावर टाकली. काकांचा मात्र फोनवर काडीचा विश्वास नाही. ‘पन्नास मेगापिक्सेल म्हणतात आणि हातावर टेकवतात साडेबारा!’ हे कसारा घाट चढेपर्यंत दोनदा ऐकावं लागतं. पंचाईत अशी, की ते खरं असतं. असे बरेच फोन चार ठिपक्यांचा एक करूनच फोटो देतात.

घाटनदेवीच्या देवळामागे दरी उघडते. श्रावणात उघडते म्हणजे ढगाला वाटलं तर, आणि तेही दोन मिनिटं. सगळं घर ओळीत उभं; उंच मागे, पोरं पुढे, काकू मधोमध. काका मेनूत शिरलेले.

‘लार्ज की मीडियम?’

‘अहो, दरी दिसतेय तोवर दाबा की!’

‘थांब गं. मागच्या वेळी कुणीतरी टू एम करून ठेवलं होतं.’

कुणीतरी म्हणजे पुतण्या. तो बुटाची नाडी बांधायला वाकतो.

खरं तर टू एममध्ये वाईट काही नाही. चार बाय सहाची प्रत काढायची, तर इंचाला ३०० ठिपके धरून १८०० गुणिले १२०० लागतात, म्हणजे साडेएकवीस लाखांच्या आसपास. दोन मेगापिक्सेलमध्ये काम भागतं. हा हिशेब आम्हाला शिकवला काकांनीच. पण ‘उद्या भिंतीएवढा करायचा झाला तर?’ तेवढी मोकळी भिंत त्यांच्या घरात एकच होती, तिथे काकूंनी शोकेस करून घेतलं.

मग प्रमाण. चार-तीन ठेवायचं की तीन-दोन? कॅमेऱ्याचा फोटो चार-तीनचा आणि कागद चार बाय सहाचा असला, की कागद भरायला उंचीचा नववा भाग कापावा लागतो. एकदा लॅबवाल्याने तो वरून कापला आणि त्यात मोठ्या आत्याचा अंबाडा गेला. आत्याने ते प्रकरण अजून मिटवलेलं नाही.

कसाऱ्याहून गाडी घाट चढवायला मागून जादा इंजिनं लावतात. काकांचं बोट बटणापर्यंत पोचवायलाही मागून तीन माणसं लागतात. तेवढ्यात ढग येतो. क्लिक! फोटोत पांढऱ्यावर पांढरं. धुक्यात तपशीलच नसतो, त्यामुळे फाइलही हलकी होते. काका त्यावरही खूश: ‘बघ, कार्डात केवढी जागा वाचली!’

याच गावात धम्मगिरीला १९७६पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवसांचं शिबिर, मौन, फोन-कॅमेरे जमा. काकूंनी एकदा चौकशी केली होती. काकांसाठी नाही, स्वतःसाठी.

तर असे हे काका चेष्टेचाच विषय राहिले असते, पण पुतणीचा बायोडेटा करायची वेळ आली. तिच्या फोनमधल्या प्रत्येक फोटोत एक तर फिल्टर, नाही तर कुत्र्याचे कान. तिच्या आईला साधा, हसरा चेहरा हवा होता. तो निघाला इगतपुरीच्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत. काकांनी ४००० गुणिले ३०००चा तो फोटो उघडला आणि मोठा करत गेले. पासपोर्टएवढ्या फोटोला ४१३ गुणिले ५३१ पिक्सेल लागतात. ते निघून वर थोडे उरले. नाकातली चमकीसुद्धा स्पष्ट. ‘टू एम असतं तर नाकाच्या जागी चार चौकोन आले असते,’ काका म्हणाले. त्या दिवशी त्यांना दोनदा चहा मिळाला, न मागता.

अडचण एकच. पोरीच्या खांद्याशी कुणाचा तरी कांदाभजी धरलेला हात आला होता. बांगड्यांवरून तो आत्याचा ठरला. पुतण्या म्हणाला, कापून टाका. काका काही बोलले नाहीत. आधी आत्याला फोन लावला आणि रीतसर परवानगी घेतली.