कावळा आणि बोहारीण

अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले की या जरा कुंपणापाशी. काल लोकलमध्ये काय झालं ऐका. दादरला आमच्या डब्यात एक तृतीयपंथी चढली. हिरवी साडी, गजरा, टाळी वाजवत पैसे मागत होती. आमच्या नातवानं खणखणीत आवाजात विचारलं, "आजी, हिचा आवाज बाबांसारखा का गं?" झालं! सगळ्या बायका पटापट मोबाईलमध्ये. समोरचीनं तर लेकीचं तोंडच खिडकीकडे वळवलं.

मी म्हटलं, "जन्मली तेव्हा लोकांना वाटलं मुलगा झाला. पण तिला आतून वाटायचं, मी मुलगी आहे. मग ती तशी राहायला लागली." "बरं," म्हणाला आणि वेफर्स मागितले. अहो, सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये तेच सांगितलं की, आपण कोण ते ज्याचं त्यानं ठरवावं. ते सांगायला कोर्टाला केवढाले कागद लागले!

इतक्या लवकर कशाला, म्हणता? न सांगितल्यानं पोरं थांबतात होय? आई चार दिवस बाजूला बसली की मला सांगायचे, कावळा शिवला. मी काठी घेऊन मागच्या दारी उभी, मेल्याला हाकलायला! धाकटा भाऊ म्हणे बोहारणीकडून घेतलेला, दोन जुन्या लुगड्यांवर. तो बिचारा बोहारणीची हाक ऐकली की कॉटखाली शिरायचा, परत देतील म्हणून.

खरी अक्कल आली ती आजोळच्या गोठ्यात. गाय माजावर आली की मामा आम्हाला घरात पिटाळायचा. पण विताना बघायला कुणी अडवायचं नाही. आधी पुढचे दोन खूर दिसले, मग त्यांवर टेकलेलं ओलं नाक. मामानं खूर धरून बेतानं ओढलं, गाय वळून वासराला चाटायला लागली. बोहारणीवरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

आणि ही लपवाछपवी काय आजची आहे? र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून लैंगिक विषयांवर उघड लिहिलं, तर त्यांच्यावर खटले. एका खटल्यात बाबासाहेब त्यांचे वकील होते. ऐंशी वर्षांनी, २००७ मध्ये, याच महाराष्ट्रात शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद! मग 'बालक-पालक' सिनेमातल्या चाळीतल्या पोरांसारखं होतं. घरात विचारायची सोय नाही, म्हणून भलत्याकडून शिकतात.

आमची सून बरी. आंघोळ घालताना नाक, कान सांगावं तशी सगळ्या अवयवांची नावं सांगते. पहिल्यांदा मीच लाजून स्वयंपाकघरात पळाले. पण उद्या कुणी नको तिथे हात लावला, तर पोराला धड सांगता तरी येईल.

बरं, समोरच्या इमारतीतले ते दोघं माहीत आहेत ना? हळू कशाला बोलता, त्यांना ठाऊक आहे की! नातवानं थेट त्यांनाच विचारलं, "तुमचं लग्न झालंय?" ते म्हणाले, "आम्हाला करायचंय रे, पण कायद्यात बसत नाही." खरंच आहे, २०२३ मध्ये कोर्टानं ते संसदेवर सोडलं. नातवाचा चेहरा पडला, "म्हणजे जिलब्या नाहीत?"

तुम्ही लेकीला काय सांगितलंत त्यांच्याबद्दल? भाऊ-भाऊ? अहो वहिनी, दारावर दोन वेगळी आडनावं आहेत. आणि पोरगी आता पाट्या वाचते!