पंचवीसच्या आत

महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या शहरांत, विशेषतः सांगलीसारख्या सपाट जमिनीवर पसरलेल्या गावांत, गेल्या काही वर्षांत गृहस्थांचा एक नवा वर्ग उदयास आला असून, स्वस्तातली बॅटरीची गाडी हे त्याचे लक्षण आणि घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या परिघात दिवसातून सहा-सात वेळा जाऊन येणे हा त्याचा स्वभाव होय. या वर्गातील गृहस्थ बहुधा साठी ओलांडलेला, बँक, जिल्हा परिषद, साखर कारखाना किंवा शाळा यांपैकी कोठून तरी निवृत्त झालेला आणि निवृत्तीनंतर घरात ज्याच्यावाचून काही अडत नाही असा असतो. गाडी घेण्यापूर्वी त्याला आडनाव असते. गाडी आल्यावर महिनाभरात ते गळून पडते आणि कॉलनीत ‘बॅटरीवाले अण्णा’ एवढीच ओळख उरते.

अण्णांचे स्थान समजून घ्यायचे तर आधी त्यांच्या गाडीचे कायद्यातील स्थान पाहावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार ज्या बॅटरीच्या गाडीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, ती मोटार वाहन मानलीच जात नाही. त्यामुळे तिला नोंदणी लागत नाही, नंबर लागत नाही आणि ती चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. वॅट हे शक्ती मोजण्याचे एकक असून ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती, तेव्हा अण्णांच्या दिमतीला असतो तो घोड्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग; तो घोड्याचा पुढचा की मागचा, हे चढ लागल्यावर कळते. अण्णांच्या स्वयंपाकघरात कांदा-लसणाची चटणी वाटणारा मिक्सर ५०० किंवा ७५० वॅटचा असतो, ही तुलना घरात एकदा निघालेली असते आणि पुन्हा काढायची नाही असे ठरलेले असते.

परवाना न लागणे ही सोय वरवर पाहता पैशांची वाटते, परंतु तिचे मूळ खोल आहे. पंचावन्नी ओलांडलेल्या माणसाला परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. हा दाखला आणायचा म्हणजे डाव्या डोळ्यातील मोतीबिंदूचा विषय निघणार, आणि तो निघाला की मुलगा पुण्याहून फोन करणार, हे अण्णा जाणून असतात. जुनी स्कूटर मुलाने अण्णांच्याच काळजीपोटी, अण्णांना न विचारता, आधीच विकलेली असते. अशा वेळी ज्या गाडीला कायदा गाडी म्हणत नाही आणि घरचेही म्हणत नाहीत, ती घेण्यास कोणाचीच हरकत उरत नाही. ताशी पंचवीस ही सरकारने घातलेली मर्यादा असली, तरी कुटुंबाने मंजूर केलेला वेगही नेमका तेवढाच असतो.

खरेदीच्या वेळी अण्णा शोरूममध्ये लागोपाठ चार दिवस जातात आणि विक्रेत्या मुलाला त्याच्याच मालाची माहिती देतात. स्वस्त गाड्यांत दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात: शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांवर चालणारी लेड-ॲसिड बॅटरी, जी वजनाने जड, किमतीने कमी आणि आयुष्याने अल्प असते, आणि लिथियम-आयन बॅटरी, जी हलकी व टिकाऊ, पण महाग असते. लिथियम अधिक काळ टिकते, हे अण्णा सर्वांना पटवून देतात आणि स्वतः लेड-ॲसिडची गाडी घेतात. यात विसंगती आहे असे त्यांना वाटत नाही, कारण जुनी बॅटरी दिल्यावर शिशाचे पैसे वजा होतात, ही गोष्ट विक्रेत्याने शेवटच्या दिवशी सांगितलेली असते, आणि मोडीत निघणाऱ्या वस्तूला किंमत येणार हा विचार निवृत्त माणसाला आपोआप पटतो.

गाडी घरी आली की नंबर नसलेल्या पाटीवर ‘श्री’ येतो आणि चार्जिंगचा प्रश्न उभा राहतो. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्यांचे वजन तीस किलोच्या वर भरत असल्याने त्या काढून वर नेणे अशक्य. म्हणून पहिल्या मजल्यावरील गॅलरीतून खाली एक वायर सोडली जाते, तिच्या टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड आणि बोर्डावर पाऊस लागू नये म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा पालथा घातला जातो. या व्यवस्थेला सोसायटीचे सेक्रेटरी हरकत घेतात आणि अण्णा लेखी उत्तर देतात. ४८ व्होल्ट आणि २८ अँपिअर-तास यांचा गुणाकार १,३४४ वॅट-तास होतो, हजार वॅट-तासांचे एक युनिट, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी एका भरणीला पावणेदोन युनिटांच्या वर लागत नाहीत, असे त्या उत्तराचे स्वरूप असते. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांनंतर दर चढतो. त्यामुळे महिन्याच्या वीस तारखेपासून अण्णा रोज मीटर पाहतात आणि ९२ चा आकडा दिसला की गाडीचे चार्जिंग न थांबवता गिझर बंद करतात.

गाडी एका भरणीत किती अंतर जाईल त्याला व्यवहारात ‘रेंज’ म्हणतात. शोरूममधील रेंज साठ किलोमीटरची असते. रस्त्यावरची चाळीस भरली तरी पुष्कळ. सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या अण्णांना मिरज या हिशेबाने सहज जाऊन-येऊन करता यावी, तसे त्यांनी कागदावर सिद्धही केलेले असते, तरी ते मिरजेला जात नाहीत. मूठ पिळली की बॅटरीवर भार पडून व्होल्टेज उतरते आणि काटा खाली येतो, मूठ सोडली की तो पुन्हा वर चढतो. ही क्रिया अण्णा वैद्याने नाडी पाहावी तशी पाहतात आणि रस्ता त्यामुळे पाहत नाहीत. १९७२ साली बाजारात आलेल्या लूनाला पायडल होते, पेट्रोल संपले तर ती सायकलसारखी मारत घरी आणता येई. बॅटरीच्या गाडीला तो आधार नाही, ती संपली की नुसती ढकलावी लागते, आणि ढकलणाऱ्याला ओळखीचे लोक थांबून कारण विचारतात. अण्णांच्या भूगोलाची सीमा या भीतीने आखलेली असते. साताऱ्यासारख्या, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेल्या गावातील त्यांच्या बंधूंची सीमा याहून लहान असते आणि ती फक्त जाताना अडवते, येताना नाही.

तथापि सीमेच्या आत अण्णांचे राज्य असते. शेजारच्या काकूंची रक्तदाबाची गोळी, समोरच्यांचे गॅसचे पुस्तक, देवळातला प्रसाद, दळण, धोब्याकडचे कपडे, पतसंस्थेत भरायची कोणाची तरी पावती, असे काहीही न सांगता त्यांच्याकडे येते, कारण ते ‘मी निघालोच आहे’ असे सांगून ठेवतात. गाडीला आवाज नसल्याने लोक बाजूला होत नाहीत, म्हणून अण्णा हॉर्न वाजवतात. हॉर्नने बॅटरी उतरते या समजुतीने तो थोडकाच वाजवतात. परिणामी बहुतेक रस्ता ते तोंडाने मोकळा करून घेतात. परतल्यावर पायरीशी गाडी लावून रिमोट दाबला की ती एकदा किंचाळते आणि रात्री मांजराने सीटवर उडी मारली की पुन्हा किंचाळते, तेव्हा चोरी झाली नसल्याची माहिती सर्व मजल्यांना मिळते.

या सर्व फेऱ्यांची नोंद एका वहीत होते. तीत तारीख, किलोमीटर आणि ‘वाचलेले पेट्रोल’ असे रकाने असून, जुन्या स्कूटरला लागले असते तेवढे पेट्रोल वाचले असे धरलेले असते. गाडीची किंमत अडीच वर्षांत वसूल होते, असा त्या वहीचा निष्कर्ष आहे. बॅटऱ्यांचा संच साधारण त्याच सुमारास बदलावा लागतो, ही नोंद वेगळ्या वहीत सापडते. सुनेने एकदा निदर्शनास आणले की या कामांना अण्णा पूर्वी चालत जात किंवा जातच नसत, त्यामुळे वाचलेले पेट्रोल शून्य धरावे लागेल. हिशेब म्हणून हे बिनचूक होते. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि तिच्या ब्लाऊजचे माप शिंप्याकडे द्यायचे राहिले आहे का, एवढेच विचारले.

कोथिंबिरीला एक फेरी आणि आल्याला दुसरी, या पद्धतीला अव्यवस्था म्हणणाऱ्याला हा वर्ग कळलेला नाही. सायंकाळी गाडी चार्जिंगला लावून अण्णा चहाला बसतात आणि तेवढ्यात आतून लिंबू राहिल्याची हाक येते. वायर काढताना ते जी कुरकुर करतात ती खरी मानण्याचे कारण नाही. लिंबू सकाळच्या यादीतही होते.