गडग्यापलीकडची बाळंतीण

"टाळू भरली का हो नलूवैनी?"

"आत्ताच भरली. एवढंसं तेल घातलं नि लगेच जिरलं बघा. टाळू कशी लपापते, हात लावायलासुद्धा भीती वाटते."

"लपापणारच. कवटीची हाडं अजून जुळायची आहेत. नातवाचा मेंदू आत्ता मोठ्या माणसाच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढा. उरलेला सगळा बाहेर येऊन वाढायचा. डॉल्फिनीणबाईंच्या घरी असं चालत नाही हो."

"आता ही कोण?"

"हर्णैला पाहुण्यांना होडीतून दाखवायला नेता ना, त्यांच्यातली. म्हणजे आपल्याकडे दिसतात ते हमबॅक. मी सांगत्ये ते बॉटलनोजचं. तिकडे अमेरिकेत, सॅन दिएगोला, नौदल डॉल्फिन पाळतं. त्यांचे पशुवैद्य होते सॅम रिजवे. त्यांनी आयुष्यभर या मेंदूंची वजनं-मापं केली. डॉल्फिनचं पोर जन्मतं तेव्हा मेंदू मोठ्याच्या बेचाळीस टक्के तयार असतो. मोठ्याचा दीड किलोच्या वरच भरतो, माणसापेक्षा जास्त. तेव्हा जन्मतानाच साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास धरा. आपलं बाळ साडेतीनशे-चारशे घेऊन येतं."

"अगंबाई! आणि एवढं डोकं बाहेर निघतं कसं?"

"तिला कमरेचं हाडांचं कडं कुठे आहे? मागचे पायच गेले, तेव्हा तिथे दोन बारीक हाडं उरलीत, पाठीच्या कण्याला न जोडलेली. शिवाय पोर बहुतेक वेळा शेपटीकडून येतं. दिवस राहतात तेही बारा महिने."

"बारा! नऊ महिन्यांतच माझ्या लेकीने सगळं घर डोक्यावर घेतलं होतं."

"पण त्या पोराला पाळण्यात कोण घालणार? जन्मल्या क्षणापासून पोहायचं, वर येऊन श्वास घ्यायचा, आईच्या बाजूला चिकटून राहायचं. आपल्यासारखा कच्चा मेंदू घेऊन आलं तर बुडेलच. मला तरी हेच कारण पटतं. आणि मग वाढीचा वेग बघा. दीड वर्षात ऐंशी टक्के! तेवढं गाठायला आपल्या पोरांना तीन-चार वर्षं लागतात."

"म्हणजे दीड वर्षात शहाणं."

"छे! वजन झालं म्हणजे अक्कल आली का? पुढेही कितीतरी वर्षं मेंदू हळूहळू भरतच असतो. पोर तीन ते सहा वर्षं आईच्या मागे असतं. मासा कसा गाठायचा, कुणाशी दोस्ती करायची, सगळं तिथेच शिकतं. पहिल्या वर्षातच स्वतःची एक वेगळी शीळ बसवतं, आपण नाव घेतो ना, तशी."

"आणि आईचा सव्वा महिना? शेक-शेगडी, अळीवाची खीर?"

"कसली खीर! झोपच नाही बिचारीला. मत्स्यालयातल्या डॉल्फिन नि ऑर्कांवर पाळत ठेवून काही शास्त्रज्ञांनी 2005 साली लिहिलं, की पहिला महिनाभर आई आणि पोर जवळजवळ अखंड पोहत असतात, विसावतच नाहीत. त्यावर जपानमधल्यांनी हरकत घेतली, की पोहतापोहताच झोप उरकत असतील, एक डोळा मिटून. मोठे डॉल्फिन तसेच झोपतात म्हणा, मेंदूचा एक भाग जागा, एक झोपलेला."

"मग त्या मोठ्या देवमाशाच्या घरचं काय?"

"स्पर्म व्हेल? त्याचा मेंदू आठ किलोच्या घरात. आत्ता जगात त्याहून मोठा कुणाचाच नाही. पण चाळीस-पन्नास टनांच्या धुडात तो. नुसत्या किलोंवर भाळू नका. दक्षिण आफ्रिकेतले मॅंगर तर 2006 मध्ये म्हणाले, हा पसारा बुद्धीसाठी नाहीच, थंड पाण्यात मेंदू ऊबदार ठेवण्यासाठी आहे. बाकीचे शास्त्रज्ञ पुढच्याच वर्षी त्यांच्या अंगावर धावून गेले. त्यानंतर फेरो बेटांजवळच्या पायलट व्हेलच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या, तर बाहेरच्या थरात माणसाच्या दुप्पट निघाल्या. उबेसाठी कोण एवढं करील, सांगा?"

"एवढ्या पेशी घेऊन करतात काय?"

"नाती सांभाळतात, दुसरं काय! कॅनडाच्या किनाऱ्याचे ऑर्का घ्या. लेक तिशीचा झाला, मेंदू केव्हाच पुरा झाला, तरी आईच्याच कळपात. ती साल्मन धरते, तोडते नि अर्धा त्याला देते. त्यापायी म्हणे तिला पुढचं पोर होण्याची शक्यताही कमी होते."

"आमच्या मंदारचे बांगड्याचे काटे मीच काढून देते की! बत्तिसावं लागलं त्याला. बरं, मग तिथल्या सुना काही बोलत नाहीत?"

"सूनच येत नाही हो घरात. लेक दुसऱ्या कळपातल्या मादीशी जुळवतो नि परत येऊन आईजवळ राहतो. नातवंडं तिकडे, त्यांच्या आईकडे."

"काय सांगता बाई! हे मात्र आमच्या मंदारच्या कानावर घालू नका."