चेकच्या पाठीवर नुसती सही कशी करावी

हे मार्गदर्शन आमच्या काकांसाठी आहे. ते वाचणार नाहीत, ‘सही कुठे करू?’ एवढंच विचारतील. म्हणून इतरांनी वाचावं.

१. चेक उलटा करावा. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टला पुढच्या बाजूची किंवा जोडलेल्या चिठ्ठीवरची सहीसुद्धा चालते. पण काकांच्या सहीला मैदान लागतं.

२. सही करावी आणि थांबावं. ‘अमुक यांस द्यावे’ असं लिहू नये. लिहिलं की ते पूर्ण पृष्ठांकन झालं. नुसती सही म्हणजे कोरं पृष्ठांकन. भाडेकरूने काकांच्या नावे दिलेला ऑर्डर चेक एवढ्याने बेअरर होतो, म्हणजे ज्याच्या हातात त्याचा. तो हात भाच्याचा असेल, वाण्याच्या पोऱ्याचा असेल, रिक्षात राहिलेली पिशवी ज्याला सापडली त्याचाही असेल. काका म्हणतात, ‘माझ्या सहीची नक्कल कुणाच्या बापाला जमायची नाही.’ अहो, नक्कल कशाला करेल? तुम्ही अस्सलच देऊन बसलात की!

३. चेकवर दोन रेघा आणि ‘अकाउंट पेयी’ असेल तर सहीचा खटाटोप करू नये. असा चेक दुसऱ्याच्या खात्यात जमा करायला रिझर्व्ह बँकेची बँकांना मनाई आहे. काकांच्या औदार्याला एवढाच काय तो सरकारी बांध.

४. अर्धे पैसे एका पुतण्याला, अर्धे दुसऱ्याला, अशी वाटणी पाठीवर लिहू नये. चालत नाही.

५. चेक पंचांगात जपून ठेवू नये. १ एप्रिल २०१२ पासून मुदत सहाची तीन महिने झाली आहे. हे काकांना दर दिवाळीला सांगावं लागतं.

६. ‘नुसती सही तर केली’ ही सबब ठेवू नये. चेक न वटता परत आला आणि तशी रीतसर सूचना मिळाली, की पुढच्या धारकाला पाठीवर सही करणाराही जबाबदार असतो.

७. कोरं पृष्ठांकन हाती आलेल्याने सहीच्या वर आपलं नाव लिहून टाकावं. कलम ४९ तशी मुभा देतं. काकूंनी ॲक्ट वाचलेला नाही. काका पेनाचं टोपण शोधत असतात, तेवढ्यात त्या ‘सौ.’पासून सुरुवात करून संपूर्ण नाव लिहून मोकळ्या होतात. नुसतं असं नाव लिहिल्याने लिहिणाऱ्यावर पृष्ठांकनाची जबाबदारी येत नाही. ती काकांवरच राहते.